कोंबडीला विचारून बघा

1965 साली ब्रिटनमध्ये दाटीवाटीने पाळल्या जाणाऱ्या जनावरांच्या हालांविषयी ब्रँबेल समितीचा अहवाल आला. रूथ हॅरिसन यांच्या ‘अ‍ॅनिमल मशिन्स’ या पुस्तकाने आदल्याच वर्षी तिथल्या लोकांची झोप उडवली होती, त्यातून ही सरकारी समिती नेमली गेली. समितीने कोंबड्यांच्या पायांचासुद्धा विचार केला. पिंजऱ्याच्या तळाची बारीक तारेची षटकोनी जाळी पायात रुतत असणार, तिच्या जागी जाड तारेची जाळी बसवा, असे तिने सुचवले. वाचताना मलाही ते अगदी पटले.

1973 मध्ये बॅरी ह्यूज आणि ए. जे. ब्लॅक यांनी कोंबड्यांना दोन्ही जाळ्या दिल्या आणि कुठे उभे राहायचे ते त्यांच्यावर सोडले. कोंबड्यांनी बारीक जाळी पसंत केली! त्या जाळीवर पायाला जास्त ठिकाणी आधार मिळतो, हे नंतर ध्यानात आले. समितीची माया खरी होती, पण पाय तिचे नव्हते.

जनावराला प्रश्न कसा विचारायचा, यातच ऑक्सफर्डच्या मेरियन स्टॅम्प डॉकिन्स यांची सारी कारकीर्द गेली. निको टिनबर्गन यांच्या या विद्यार्थिनीने 1977 मध्ये कोंबड्यांना पिंजरा आणि मोकळी बाग यांतून निवड करू दिली. पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबड्या आधी पिंजऱ्यातच शिरल्या. प्रयोग इथेच थांबला असता, तर ‘त्यांना पिंजराच आवडतो’ असे कुणीही म्हणाले असते. पण बागेची ओळख होताच त्यांचा कौल फिरला. सवयीला आवड समजण्याची चूक आपण माणसांच्या बाबतीतही किती सहज करतो!

मग डॉकिन्स यांनी जागा मोजली. 1988 च्या युरोपीय नियमात पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला किमान 450 चौरस सेंटिमीटर जागा होती. 1989 च्या मोजणीत नुसते उभे राहायलाच सरासरी 475 लागले, जागच्या जागी वळायला 1272 आणि पंख फडफडवायला 1876. या आकड्यांपुढे वाद घालायला फारसे काही उरत नाही, असे मला वाटते. असे साधे, उघडे पिंजरे युरोपीय संघात बंद झाले ते 2012 मध्ये.

जनावराला जाणीव असते का, हा वाद सुटेपर्यंत डॉकिन्स थांबल्या नाहीत. त्यांचे प्रश्न दोनच: जनावर निरोगी आहे का, आणि त्याला हवे ते मिळते का? 2004 च्या त्यांच्या अभ्यासात 10 कंपन्यांचे 27 लाख ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या, होत्या. पक्ष्यांची दाटी किती, यापेक्षा शेडमधली हवा आणि ओल कशी राखली आहे याचा परिणाम मोठा निघाला. दाटीच मुख्य, हा आपला अंदाज इथेही अपुराच पडला.

पुढे त्यांनी शेडमध्ये कॅमेरे लावले. हजारो पक्ष्यांची एकत्र हालचाल संगणक मोजतो, आणि ती मंद व असमान होऊ लागली की त्या शेडमध्ये लंगडे पक्षी जास्त असण्याची शक्यता दिसते. पुन्हा पायच.