रुळांवरचं शहर (लेखांक 7) : सावलीचं क्षेत्रफळ

मागच्या लेखांकात आपण 1896 च्या प्लेगपाशी थांबलो होतो. मांडवीत साथ सुरू झाली, ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून निघाले, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि मोकळ्या हवेतलं घर ही बड्यांची हौस न राहता कारकून-मास्तरांच्या घरातही बोलण्याचा विषय झालं. त्या मोकळ्या हवेचा एक पत्ता आजही टिकून आहे. या आठवड्यात तिथे जाऊ : विलेपार्ले, आणि तेही मुख्यतः पूर्व.

तुमच्याकडे एवढी झाडं कशी, असं पार्लेकराला विचारलं की उत्तर बहुधा संस्कृतीचं मिळतं. टिळक विद्यालय, लोकमान्य सेवा संघ, गाण्याच्या बैठका, पु. ल. देशपांडे इथेच वाढले, आणि त्याच दमात हनुमान रोडवरची सावली. जणू दिवाळी अंक वाचणाऱ्यांच्या दारात बकुळ आपोआप उगवते. मला हे उत्तर पटत नाही. झाडांची आवड गिरगावातही होतीच. चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यांत तुळस, गवती चहा, जमलंच तर मोगरा लावलेला असायचा. तिथे माणसं होती, हौस होती, माती नव्हती. पार्ल्यात माती उरली, कारण प्रत्येक भूखंडाचा मोठा हिस्सा न बांधता सोडणं तिथे शक्य होतं आणि पुढे बंधनकारकही झालं. पार्ल्याची सावली समजून घ्यायची तर झाडांच्या आधी न बांधलेली जमीन मोजावी लागते.

सुरुवात अर्थातच गाडीपासून. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची, पहिली लोकल 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅकबेला गेली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची. तेवढ्यावर उपनगर उभं राहत नाही. साष्टीतली ही गावं त्यानंतरही कित्येक वर्षं भातखाचरं, ताडमाड, विहिरी आणि गावठाणं अशीच राहिली. चित्र पालटायला लागलं ते पहिल्या महायुद्धाच्या आसपास, आणि पक्कं पालटलं ते विजेने. 5 जानेवारी 1928 पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावू लागल्या. वाफेच्या इंजिनाला थांबून पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. विजेची गाडी स्टेशनातून निघते तीच झपाट्याने. त्यामुळे दीड-दोन किलोमीटरवर स्टेशन असलं तरी वेळापत्रक कोलमडत नाही आणि एकामागून एक गाड्या सोडता येतात. चर्चगेटपासून साधारण 20 किलोमीटरवरच्या पार्ल्यात राहून फोर्टातली कचेरी वेळेवर गाठता येईल, याची खात्री या गाड्यांनी दिली. पासाचे पैसे आणि गिरगावातलं भाडं यांचा हिशेब त्या काळच्या कुठल्याही कारकुनाला तोंडी करता येत होता.

पण गाडी माणसं आणते, गल्ली कशी आखायची ते सांगत नाही. ते काम 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने केलं. हा कायदा मला फार हुशारीचा वाटतो आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. शेतजमिनीचे तुकडे वेडेवाकडे असतात. कोणाचं खाचर लांबट, कोणाचं त्रिकोणी, कोणाला वाटच नाही. सरकारने सगळी जमीन विकत घेऊन नवं नगर वसवायचं म्हटलं तर पैसा पुरत नाही. म्हणून योजना अशी की सगळ्यांचे तुकडे कागदावर एकत्र करायचे, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा आधी काढून घ्यायच्या आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागलेल्या भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची. जमीन थोडी कमी मिळते, किंमत मात्र वाढते, आणि त्या वाढीतला काही भाग योजनेच्या खर्चासाठी द्यावा लागतो. पार्ल्यातल्या जुन्या सोसायटीचे कागद काढले तर अजूनही पत्त्यात ‘टीपीएस’, म्हणजे नगररचना योजना, आणि ‘एफ. पी. नंबर’ दिसतो. एफ. पी. म्हणजे ‘फायनल प्लॉट’, आणि तो ‘अंतिम भूखंड’ म्हणजे याच वाटणीचा निकाल. काही जमीनमालकांनी स्वतःही भूखंड पाडून विकले. तेजपाल स्कीम, परांजपे स्कीम ही नावं त्या काळाची आठवण देतात.

या आखणीत एक गोष्ट सहज घडली. मधोमध बंगला, चारही बाजूंना मोकळी जागा. सरकारी मराठीत तिला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. हेतू होता हवा आणि उजेड, प्लेगची धास्ती अजून ताजी होती. झाडांचा विचार त्यात कितपत होता कोण जाणे. पण रिकामी माती दिसली की कोकणातून आलेला माणूस तिथे माड लावणारच. फणस, आंबा, जास्वंद, पारिजातक, सोनचाफा ओघाने आलेच. रस्त्याच्या कडेची झाडं वेगळी. पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला, गुलमोहर मादागास्करचा. लवकर वाढतात आणि रुंद पसरतात म्हणून लावलेले. मार्च-एप्रिलमध्ये रस्ता पिवळा करणारा सोनमोहोरही बाहेरूनच आलेला. पार्ल्याच्या पारंपरिक हिरवाईतला निम्मा बाज असा परगावचा आहे, आणि पार्लेकरांचंही त्याहून फार वेगळं नाही.

संस्थांबद्दल एवढंच : टिळक 1920 मध्ये गेले, 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय निघालं, 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ. गिरगावातली वाडी, देऊळ, शेजार मागे सोडून आलेल्यांना इथे सगळं नव्याने उभारायचं होतं, आणि त्यांनी ते उभारलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. झाडांचं श्रेय मात्र मी नकाशाला देईन.

आता थोडं गणित. 1950 साली पार्ले मुंबई महापालिकेत आलं. 1964 च्या विकास आराखड्याने चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपल्या बोलण्यातला एफएसआय, आणला आणि उपनगरांसाठी तो 1 ठरवला. समजा भूखंड 1000 चौरस मीटरचा आहे. एकूण बांधकामही 1000 चौरस मीटर. तळमजला अधिक तीन मजले बांधले, तर इमारतीखाली जमीन जाते 250 चौरस मीटर. उरलेली 750 मोकळी. त्या तीन चतुर्थांशांत दोन स्कूटर, एक फियाट, पाण्याची टाकी आणि भरपूर माती. बंगले पाडून अशा बिनलिफ्टच्या इमारती झाल्या तेव्हाही पार्ले हिरवं राहिलं त्याचं कारण हे आहे. बंगला गेला तरी कडेचा फणस जागच्या जागी उभा राहिला.

यात विमानाचाही हात आहे. विमानतळ पार्ल्याला खेटून. धावपट्टीच्या आसपास आणि विमानं उतरण्याच्या वाटेखाली इमारतींच्या उंचीवर मर्यादा असते. मुंबईत या पट्ट्याला ‘फनेल’ म्हणतात. ज्या गल्ल्या त्यात येतात तिथे जादा मजले चढवता येत नाहीत, म्हणून बिल्डरला फायदा दिसत नाही, म्हणून पुनर्विकास अडतो. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला शिव्या घालत जेवणाऱ्या कुटुंबाच्या खिडकीबाहेरचा आंबा काही अंशी त्या विमानामुळेच वाचलेला असतो.

मग बदललं काय? 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आणला. बाग, रस्ता, शाळा यांसाठी आरक्षित जमीन पालिकेला दिली की मालकाला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो आणि तो विकता येतो. पण दक्षिणेकडच्या शहरात निर्माण झालेला हक्क तिथे वापरायला बंदी होती. तो उत्तरेकडे, उपनगरात न्यायचा. म्हणजे शहरातल्या मोकळ्या जागेची किंमत उपनगरांनी भरायची. उपनगरातला एफएसआय एकाचा दोन झाला. 2018 मध्ये आलेल्या नव्या नियमावलीने प्रीमियम, टीडीआर, फंजिबल असे थर आणखी वाढवले.

इथे बहुतेक जण सरळ निष्कर्ष काढतात : बांधकाम वाढलं, झाडं गेली. हिशेब इतका सोपा नाही. आपल्या त्याच भूखंडावर सगळं धरून 2.7 मिळाले असं समजू. बांधकाम 2700 चौरस मीटर. ते पंधरा मजल्यांत रचलं तर इमारतीखाली जागा लागते फक्त 180! कागदावर मोकळी जमीन 750 वरून 820 वर जाते. उंच इमारत ही झाडाची शत्रू आहे असं निदान गणित तरी म्हणत नाही.

झाड मरतं ते गाडीपायी, आणि यावेळी रुळांवरच्या नव्हे. फ्लॅटमागे गाड्या ठेवायला तळघर खणायचं किंवा पोडियम बांधायचा. तळघर इमारतीच्या रेघेत थांबत नाही, ते कुंपणापर्यंत पसरतं, कारण गाडी वळवायला आणि उताराला जागा लागते. वर अग्निशमन दलाची गाडी फिरायला सहा मीटरचा पट्टा हवा. तो जड गाडी पेलेल असा पक्का करावा लागतो. आगीच्या गाडीशी कोणी वाद घालू नये. पण या दोहोंच्या बेरजेत 820 चौरस मीटर माती कुठेच शिल्लक राहत नाही, राहतो तो काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर पसरलेली थोडी माती. झाडाची अन्न शोषणारी मुळं बहुतांशी वरच्या थरातच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्यामुळे शेजारच्या सोसायटीचं तळघर खणताना आपल्या कंपाउंडातल्या झाडाची मुळं तुटतात, आणि दोन पावसाळ्यांनी ते कोसळलं की वाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होतो.

उंचीवर बंदी असलेल्या गल्लीत तर आणखीच पेच. पंधराऐवजी आठच मजले चढणार असतील तर तेच बांधकाम आडवं पसरतं. ज्या विमानाने इतकी वर्षं झाड राखलं, तेच पुनर्विकास ठरला की झाडाच्या मुळावर येतं.

कायदे नाहीत असं नाही. 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं, आणि जेवढं झाडाचं वय तेवढी नवी रोपं लावण्याची अट घातली. वाचायला छान. साठ वर्षांच्या पर्जन्यवृक्षाबदली साठ रोपं, पण ती लावायला माती कुठे? मग ती कुंपणालगत फुटाफुटावर उभी राहतात किंवा दुसऱ्याच कुठल्या तरी वॉर्डात जातात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये, मनोरंजनासाठी ठेवायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमच्या गच्चीवर चालणार नाही, असा निर्णय दिला. मोलाचा निर्णय. अडचण एवढीच की ती अट 1000 चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांना लागू होते आणि पार्ल्यातले बरेच जुने भूखंड त्याहून लहान आहेत.

महापालिकेच्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे 29.75 लाख झाडं नोंदली गेली. त्यांतली 15 लाखांहून अधिक खासगी आवारांत, रस्त्यांच्या कडेला दोन लाखांहूनही कमी, आणि पालिकेच्या उद्यानांत लाखभर. हे आकडे मला कुठल्याही पर्यावरणदिनाच्या भाषणापेक्षा बोलके वाटतात. आपण बागांसाठी भांडतो, रस्त्यावरचं झाड पडलं की फोटो टाकतो. शहराची निम्मी झाडं मात्र खासगी आवारांत, म्हणजे बऱ्याच ठिकाणी सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांच्या हातात आहेत. तिथे चर्चा कॉर्पसची, जादा चटईक्षेत्राची आणि दोन गाड्यांच्या जागेची होते.

त्या सभेतल्या लोकांना खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचं होईल. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ऐंशीच्या आजींना लिफ्ट हवी आहे. स्लॅबमधून सळया दिसू लागल्या आहेत. मुलाचं लग्न झालं आणि घर साडेचारशे फुटांचं. शिवाय बंगल्यांचं ते जुनं पार्ले फार थोड्यांसाठी होतं; जिथे चार कुटुंबं राहत होती तिथे चाळीस राहिली तर शहराच्या दृष्टीने ते बरंच आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर जास्त माणसं राहावीत हे तर लोकलच्या शहराला शोभणारं धोरण. मग त्याच दहा मिनिटांवरच्या घराला दोन-दोन गाड्यांची जागा कशाला, हा प्रश्न मला पडतो. पार्किंग जितकं कमी, तितकं तळघर लहान आणि तितकी माती अधिक. झाडासाठी काही करायचंच असेल तर रोपवाटिकेच्या आधी पार्किंगच्या तक्त्याकडे पाहावं.

म्हणून, ज्यांच्या सोसायटीत आराखडे फिरत असतील त्यांना एक व्यावहारिक सूचना. रंगीत चित्रात हिरवा रंग कुठे आहे ते पाहू नका. चित्रकार स्लॅबवरही वड काढतो. आर्किटेक्टकडे तळघराचा नकाशा मागा, त्यावर आज उभ्या असलेल्या प्रत्येक झाडाचं ठिकाण खुणेने दाखवायला सांगा, आणि खाली अखंड जमीन असलेली, ज्याला बिल्डर लोक ‘मदर अर्थ’ म्हणतात ती, जागा किती चौरस मीटर उरते ते करारनाम्यात लिहून घ्या. वाटाघाटी चालू असताना हा आकडा बदलता येतो, खोदकाम सुरू झाल्यावर नाही.

पुढच्या आठवड्यात मध्य रेल्वेवर जाऊ. डोंबिवलीची माणसं पार्ल्याच्या मानाने कितीतरी लांबून रोज मुंबईला येतात, आणि तिथली आखणी, जमीन आणि सावली यांचा हिशेब फार निराळा आहे.