नाताळची सुट्टी गोव्यात, पण सुट्टी कोणाची?

डिसेंबर उजाडला की मुलांचा तगादा सुरू होतो. "आई, नाताळच्या सुट्टीत गोव्याला जाऊ या ना!" मैत्रिणींनो, तुमच्याही घरी हेच चाललं असेल. जरूर जा. मात्र बॅग भरण्यापूर्वी माझी फजिती ऐका.

पहिल्यांदा गेलो तेव्हा 'बाहेरचं खाणं परवडत नाही' म्हणून स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली. मसाल्याचे डबे, लाटणं, कुकर, सगळं बरोबर! पाच दिवस सहा माणसांच्या पोळ्या लाटल्या. मंडळी वाळूत, आणि मी ओट्यापाशी. शेवटच्या संध्याकाळी सासूबाईंनीच विचारलं, "अगं, तू समुद्र पाहिलास का?" मला रडूच कोसळलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी निघण्याआधी त्यांनी सर्वांदेखत फर्मान काढलं, "सकाळचा चहा-नाश्ता मुलगा करील, दुपारचं जेवण खानावळीत. रात्री खिचडी, तीही सगळ्यांनी मिळून." आमचे हे आधी हसले, मग पोहे करायला शिकले!

तेव्हा पहिली तयारी ही. कामाची वाटणी घरीच ठरवा. तिथे गेल्यावर ठरवू म्हणाल, तर ती तुमच्याच गळ्यात पडेल.

दुसरी तयारी पैशांची. नाताळ ते नववर्ष हे गोव्यातले सर्वांत महागडे दिवस. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं, म्हणजे २३ डिसेंबरला निघायचं तर ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यातच धावपळ हवी. लहान मुलं नि वडीलधारी असतील, तर कळंगुट-बागाच्या गर्दीपेक्षा दक्षिणेकडचं बाणावली किंवा पाळोळे बरं. मडगाव स्टेशनही त्याच बाजूला.

आता समुद्राचं. आमचा धाकटा गुडघाभर पाण्यात उभा होता. परतणाऱ्या लाटेने पायाखालची वाळू ओढली आणि पोर आडवं झालं. यांनी दंड पकडला म्हणून निभावलं, पण माझ्या पोटात आजही गोळा येतो. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यातच मुलांना सोडा. नुसतं लाल निशाण असेल, तर पाण्यात पाऊल नको. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसतो. तो फसवा! तिथूनच पाणी जोराने आत ओढलं जातं. त्यात कोणी सापडलंच, तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं आणि मग बाहेर यावं. अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही म्हणजे नाही.

भरतीचा अंदाज आपल्या दिनदर्शिकेवरूनही करता येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सुमारे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. कोकणात हा हिशेब पूर्वापार आहे. अर्थात हा अंदाजच. निशाण आणि जीवरक्षक सांगतील तेच खरं.

आणि नाताळ? तो पाहायलाच तर जायचं! 'नाताळ' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, जसे पाव आणि बटाटा आले. घरोघरी टांगलेल्या चांदण्या पाहून आपल्या आकाशकंदिलांची आठवण येते. अंगणात येशूजन्माचा गोठा मांडतात, त्यात हिरवळीसाठी धान्याचे कोवळे अंकुर लावतात, अगदी आपली मुलं दिवाळीच्या किल्ल्यावर लावतात तसे! फराळात नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ आटवून करतात. बेबिंकाचे थर एकावर एक भाजायचे, खालचा भाजल्याशिवाय वरचा ओतायचा नाही. शाकाहारी मैत्रिणींनो, त्यात अंड्याचा बलक असतो बरं का! शेजाऱ्यांकडे ताटं जातात, तीही दिवाळीसारखीच. मध्यरात्रीची प्रार्थना पाहायला चर्चमध्ये गेलात, तर अंगभर कपडे घाला, मागे शांत उभ्या राहा, फोटोची घाई नको. सासूबाईंना एक दिवस मंगेशी नि शांतादुर्गेला न्या, वाटेत जुन्या गोव्याचं बॉम जेझुस चर्चही होईल.

बॅगेत एवढं हवंच : सुती कपडे, टोप्या, मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली आणि टाल्कम पावडर. पावडर भुरभुरली की अंगाला चिकटलेली वाळू चटकन झडते. समुद्रात भिजलेले कपडे त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढा, नाहीतर इलॅस्टिक लवकर जातं. सोन्याच्या अंगठ्या घरीच ठेवा. पाण्यात बोट आकसतं नि अंगठी सुटते.

आणि एक सकाळ फक्त स्वतःसाठी ठेवा. सगळे झोपलेले असताना चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूवरून एकट्याच चालून या. गेल्या खेपेस मी गेले होते. परत आले तो काय, चहा तयार होता! साखर जरा जास्तच पडली होती, पण मी काही बोलले नाही.