ल्यूबेकचे सेंट मेरी चर्च

उत्तर जर्मनीच्या सपाट बाल्टिक प्रदेशात बांधकामाचा दगड दुर्मीळ आहे. हिमनद्यांनी मागे टाकलेली चिकणमाती मात्र मुबलक. त्यामुळे फ्रान्समध्ये पाषाणात वाढलेली गॉथिक शैली येथे भाजक्या विटेत उतरली आणि ‘वीट-गॉथिक’ हा स्वतंत्र प्रकार निर्माण झाला. ल्यूबेकचे सेंट मेरी चर्च हे त्याचे अग्रगण्य उदाहरण होय.

तेराव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेले हे काम चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. मुख्य दालनाचे कमानछत सुमारे ३८.५ मीटर उंचीवर आहे. विटांचे इतके उंच छत जगात अन्यत्र नाही. या छताचा बाहेर रेटणारा भार भिंतींबाहेरच्या आधारकमानी पेलतात, आणि त्याही विटांच्याच आहेत. विशेष म्हणजे हे बिशपचे चर्च नव्हे. बिशपचे कॅथीड्रल शहराच्या दक्षिण टोकाला होते. हान्सा संघातील धनाढ्य व्यापाऱ्यांनी आपले चर्च बाजारपेठ आणि नगरभवनाला खेटून बांधले. त्यात भक्तीइतकीच ईर्षाही होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. बाल्टिक किनाऱ्यावरील अनेक चर्चनी पुढे याच वास्तूचा कित्ता गिरवला.

आतील कलावस्तूंत हान्स आपेंगेटर याने १३३७ मध्ये ओतलेले कांस्याचे बाप्तिस्माकुंड आणि अँटवर्पहून आलेली १५१८ची वेदी प्रमुख आहेत. ‘अंतिम भोजना’च्या शिल्पपटात मात्र पाहणाऱ्याचे लक्ष खाली जाते. तेथे गुलाबाच्या झुडपाचे मूळ कुरतडणारा एक इवलासा उंदीर कोरला आहे. त्याला स्पर्श केल्यास भाग्य उजळते, अशी समजूत असल्याने तो असंख्य बोटांनी गुळगुळीत झाला आहे.

मार्च १९४२ मधील हवाई हल्ल्यात चर्च जळाले. चित्रकार बेर्न्ट नोट्के याच्या ‘मृत्युनृत्य’ या चित्राची १७०१ मध्ये केलेली प्रतिकृती त्यात नष्ट झाली. दक्षिण मनोऱ्यातील घंटा कोसळून फुटल्या. त्यांचे तुकडे स्मारक म्हणून आजही जागच्या जागी ठेवले आहेत. आगीच्या धगीने भिंतींवरील चुन्याचे थर सुटले व मध्ययुगीन भित्तिचित्रे उघडी पडली. पुढे जीर्णोद्धाराच्या कामावर असलेल्या लोथार माल्स्काट या चित्रकाराने गर्भभागाच्या वरच्या भिंतींवर स्वतःच नव्याने आकृती रंगवल्या. तज्ज्ञांनी त्यांना तेराव्या शतकातील म्हणून गौरवले. १९५१ मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षानिमित्त पश्चिम जर्मनीने टपाल तिकिटेही काढली. १९५२ मध्ये माल्स्काटनेच बिंग फोडले, त्याला तुरुंगवास झाला आणि ती बनावट चित्रे पुढे पुसून टाकण्यात आली.