यादीत नाव आहे, फोनमध्ये ॲप नाही

"सर, हे ॲप म्या कवाचंच काढलं, तरी इथं दिसूनच रायलं. फोनातून जात काऊन नाही?"

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बोरी अरबात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देताना हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की समोरच्याने प्ले स्टोअर उघडून फोन पुढे केला, की पुढचं वाक्य कळतं. प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. राग येतो तो त्याच्या उत्तरादाखल गावोगाव जे सांगितलं जातं त्याचा. "ॲप आत दडून बसलंय, फोन फॉरमॅट करावा लागेल" असं सांगून पैसे घेतले जातात. मागच्या पावसाळ्यात एक काकाजी आले होते. फोन कुठेतरी फॉरमॅट करून आणलेला, तीनशे रुपये मोजलेले, मुलीच्या हळदीचे फोटो कायमचे गेलेले. आणि प्ले स्टोअरमधल्या ज्या यादीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती जशीच्या तशी.

ती तशीच राहणार होती, कारण ती यादी फोनमध्ये नसतेच.

प्ले स्टोअर तुमच्या गुगल खात्यावर चालतं. त्या खात्यावरून आजवर जी जी ॲप घेतली, त्यांची नोंद गुगलच्या सर्व्हरवर राहते. फोनमधून ॲप काढलं की ॲप जातं, नोंद राहते. म्हणून फोन फॉरमॅट केला, नवा घेतला, जुना अडाण नदीच्या पुरात वाहून गेला, तरी त्याच जीमेलने परत लॉगिन केलं की तीच यादी समोर येते. शेताचं उदाहरण घ्या. तुम्ही शेत विकलं, सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाला. तरी जुन्या फेरफाराच्या नोंदीत तुमचं नाव वाचायला मिळतं. म्हणून काही ते शेत आजही तुमच्या ताब्यात आहे असं कोणी म्हणत नाही. प्ले स्टोअरची 'नॉट इन्स्टॉल्ड' यादी म्हणजे असा फेरफार आहे. पूर्वी काय झालं ते ती सांगते, आज फोनमध्ये काय आहे ते सांगत नाही.

काकाजींना मी त्यांच्याच फोनवर दाखवलं. यादीतल्या त्या ॲपच्या नावावर बोट ठेवलं. पुढच्या पानावर हिरव्या बटणावर 'इन्स्टॉल' लिहिलेलं होतं. ॲप फोनमध्ये असतं तर तिथे 'ओपन' आलं असतं. मग सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मध्ये गेलो आणि सगळी नावं वरपासून खालपर्यंत एकेक करून वाचली. ते ॲप तिथे नव्हतं. जे फोनमध्ये नाही ते जागा खात नाही, बॅटरी खात नाही, कॅमेरा किंवा माइकही उघडू शकत नाही. ॲप काढलं की त्याला दिलेल्या परवानग्याही त्याच्याबरोबर जातात. त्या ॲपने गॅलरीत किंवा डाउनलोडमध्ये टाकलेले फोटो आणि फायली मागे राहू शकतात, त्या हाताने काढाव्या लागतात. 'स्टोरेज फुल'चं कारण शोधायचं असेल तर तिथे शोधा, यादीत नाही.

तरीही ती यादी डोळ्यांत खुपत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातल्या आपल्या गोल फोटोवर दाबा, 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस'मध्ये जा, तिथे 'मॅनेज' निवडा. 'इन्स्टॉल्ड' लिहिलेलं दिसेल, त्यावर दाबून 'नॉट इन्स्टॉल्ड' करा. नको त्या नावांपुढे खूण करा आणि वरच्या कचरापेटीच्या चिन्हावर दाबा. एकदम पन्नास नावंही काढता येतात. फोनसोबतच आलेली काही नावं मात्र यादीतून जात नाहीत. यादी साफ करण्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही, फोन फॉरमॅट करायची तर मुळीच नाही.

काही जण वेगळीच तक्रार घेऊन येतात. "हे ॲप तर मी कधी घेतलंच नाही, मग यादीत कसं?" ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. बहुतेक वेळा मुलाच्या किंवा भाच्याच्या फोनमध्येही तेच जीमेल खातं असतं आणि त्याचे गेम वडिलांच्या यादीत दिसतात. पण आपल्याकडे नवा फोन घेतला की दुकानातच कोणीतरी खातं उघडून देतं, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून देतं, आणि तो पासवर्ड मालकाला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक असतो. अशा खात्यात अनोळखी ॲप दिसलं तर तो खरा इशारा समजा. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर 'युअर डिव्हाइसेस' उघडा. ओळखीचा नसलेला फोन दिसला तर त्याला तिथूनच बाहेर काढा आणि पासवर्ड लगेच बदला.

आता उलट्या बाजूचा गैरसमज, आणि हा महागात पडतो. यादीतून नाव काढलं, म्हणजे विषय संपला, असं मानणारे लोक. फोनमधलं ॲप, गुगलकडची नोंद आणि ॲपवाल्या कंपनीकडचं तुमचं खातं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कचरापेटीचं बटण दाबून दुसरी गोष्ट जाते. तिसरी जागची हलत नाही.

याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो झटपट कर्ज देणाऱ्या ॲपमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ साली दिलेल्या अहवालात म्हटलं होतं, की त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतात वेगवेगळ्या ॲप स्टोअरांवर अशी सुमारे १,१०० ॲप होती आणि त्यातली सुमारे ६०० बेकायदा होती. अशा ॲपने पहिल्याच दिवशी संपर्कयादी आणि फोटो उचललेले असतात. मग वसुलीच्या धमक्या सुरू झाल्या की माणूस घाबरून ॲप काढतो, यादीतून नाव पुसतो आणि सुटलो म्हणतो. दुसऱ्या दिवशी सोयऱ्यांना फोन जायला लागतात. जी माहिती एकदा त्यांच्या सर्व्हरवर गेली, ती तुमच्या फोनवरच्या बटणाने परत येत नाही. कर्जही फिटत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कर्ज ॲपना संपर्कयादी आणि फोटोंना हात लावायला मनाई केली. गुगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना तेच बंधन घातलं. त्यामुळे आज एखादं कर्ज ॲप संपर्कयादी मागत असेल, तर तिथेच थांबा. आणि त्रास सुरू झालाच असेल तर काहीही पुसण्याआधी धमक्यांचे स्क्रीनशॉट काढा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. घाबरून जे पुसून टाकलं जातं, तोच पुरावा असतो.

चांगल्या, प्रामाणिक ॲपचंही खातं बंद करायचं असेल तर ते ॲप काढण्याआधी करा. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं, त्यात ते मिटवण्याची सोय ॲपच्या आत आणि वेबसाइटवर, दोन्हीकडे असली पाहिजे असा नियम गुगलने २०२३ साली आणला. ॲपलने आपल्या स्टोअरसाठी ॲपमध्येच ती सोय ३० जून २०२२ पासून सक्तीची केली होती. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही कलम १२ मध्ये माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि हे कलम त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायचं आहे.

दर महिन्याला पैसे कापले जाण्याचंही असंच आहे. ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही, यादीतून काढल्यानेही होत नाही. ती प्ले स्टोअरच्या 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करावी लागते, आणि यूपीआयने ऑटोपे दिलेलं असेल तर त्या यूपीआय ॲपच्या 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' विभागात. एकदा दोन्हीकडे पाहून घ्या. ज्यांवरून महिन्याला शंभर-दीडशे रुपये गुपचूप जातात, असे फोन मी बोरीतही पाहिले आहेत.

सरकारी ॲपबद्दलची भीती वेगळी. पिकांची नोंद करण्याचं 'ई-पीक पाहणी' ॲप राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालं, नंतर त्याच्या आवृत्त्या बदलल्या, 'डीसीएस' नावाचं नवं ॲप आलं. जुनं काढायचं म्हटलं की शेतकरी हात आखडता घेतात. "पेरा उडून गेला तं?" नाही उडत. एकदा नोंद अपलोड झाली, की ती महसूल विभागाकडे जमा होते आणि सातबाऱ्यावर चढते. फोन हरवला तरी ती राहते. खबरदारी एकच. शेतात नेटवर्क नसताना भरलेली आणि अजून अपलोड न झालेली माहिती मात्र फोनमध्येच असते, ती पोचल्याशिवाय ॲपला हात लावू नका. कापूस महामंडळाला (सीसीआय) कापूस विकण्यासाठी ज्यांनी २०२५-२६ च्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी केली, त्यांनाही हेच लागू. आणि ज्या बहिणींनी २०२४ मध्ये 'नारीशक्ती दूत' ॲपवरून 'लाडकी बहीण' योजनेचा अर्ज भरला होता, त्यांनी निर्धास्त राहावं. ते नाव यादीतून काढल्याने हप्ता थांबत नाही. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे आहे.

बारीकसारीक आणखी काही. पैसे देऊन घेतलेलं ॲप यादीतून काढलं तरी त्याच खात्यावर ते तुमचंच राहतं, पुन्हा उतरवताना पैसे पडत नाहीत. यादीतून काढणं म्हणजे ॲप ब्लॉक करणं नव्हे, शोधलं की ते पुन्हा सापडतं. नाव ढगाच्या चिन्हासह फोनवरच दिसत असेल तर ते ॲप फोनने 'अर्काइव्ह' केलेलं आहे. त्याची माहिती थोडीशी जागा घेऊन शिल्लक राहते, यादीशी त्याचा संबंध नाही. आयफोनवर खरेदीची नोंद पुसता येत नाही, नुसती लपवता येते.

शेवटचा गैरसमज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. यादी स्वच्छ म्हणजे फोन स्वच्छ. प्ले स्टोअरच्या यादीत फक्त प्ले स्टोअरवरून आलेली ॲप असतात. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल दाबून जे फोनमध्ये घुसतं, त्याचं नाव तिथे कधीच दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने लग्नपत्रिका समजून अशी फाइल उघडली आणि त्याच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले, अशी बातमी होती. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, नाव कोणतंही असो, फाइलच्या शेवटी एपीके दिसलं तर ती उघडू नका. उघडली गेलीच असेल तर आधी मोबाइल डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० लावा.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्यांचा फोन हातात घ्या. प्ले स्टोअरची यादी राहू द्या. सेटिंग्जमधलं 'ॲप्स' उघडा, त्यांच्या शेजारी बसून एकेक नाव मोठ्याने वाचा, आणि हे काय आहे ते त्यांना सांगता आलं नाही तर उद्या कुणाला तरी विचारून घ्या.