रिसोडचा टक्कू, होस्टेलचा ब्रेड

उन्हाळ्याची सुट्टी आता कॅलेंडरवर शोधूनही सापडत नाही. पण आजोळच्या दुपारची चव? ती एका कैरीत आणि चार-सहा ब्रेडमध्ये मावते. टोस्टर नसला तरी चालेल, तवा पुरे.

तुमची शेवटची खरीखुरी उन्हाळी सुट्टी कधी झाली? आठवून बघा. दहावीनंतरची? की बारावीचे पेपर संपल्यावर, सीईटीच्या आधी मिळालेले चार दिवस? एकदा कॉलेजात आलं की मे महिना म्हणजे सेमिस्टरचे पेपर, सबमिशन, इंटर्नशिप, नाहीतर एमपीएससीचा क्लास. मामाच्या गावाला जाणं होतं, नाही असं नाही. पण कुणाचं तरी लग्न असतं म्हणून. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, रविवारी रात्री परत. येताना आजी डब्यात काहीतरी भरून देते आणि तो डबा सोमवारी दुपारपर्यंत रूमवर चाटूनपुसून साफ.

त्यात मेसचा घोळ. निम्मी मंडळी घरी गेली की डबा एक वेळचाच येतो, कधी तोही बंद. मग आहेच वडापाव, मॅगी आणि पुन्हा वडापाव.

म्हणून आज एक ग्रिल्ड सँडविच करू. कुठल्या कॅफेच्या मेन्यूत ते मिळणार नाही. त्याचं मूळ आहे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडमध्ये, माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरात.

कूलर, बंद खिडक्या आणि चारची भूक

रिसोड कुठे, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना दरवेळी समजावून सांगावं लागतं. तालुक्याचं गाव. रेल्वेनं आलात तर वाशिमला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची. ‘लोणारचं सरोवर माहितीये ना, त्या बाजूला,’ म्हटलं की मग कुठे समोरच्याची मान हलते.

मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे आमच्या सुट्टीला एकच कडक नियम होता: अकरा ते पाच घराबाहेर पाय टाकायचा नाही. खिडक्या बंद, कूलर सुरू, वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आणि एका खोलीत आठ-दहा भावंडं. पत्ते, भांडण, परत पत्ते. वीज गेली की कूलर थांबायचा आणि वहीचा पुठ्ठा पंखा व्हायचा. चारच्या सुमारास सगळ्यांना एकदमच भूक लागायची. तेव्हा परातीत टक्कू यायचा.

टक्कू माहीत नसेल तर सांगते. किसलेली कच्ची कैरी, किसलेला कांदा, गूळ, तिखट, मीठ आणि वरून मोहरी-हिंगाची गार केलेली फोडणी. बस. आंबट, गोड, तिखट असं सगळं एका घासात. विदर्भात उन्हाळ्यात घरोघरी होतो, मराठवाड्यातही होतो. आमच्याकडे तो सकाळच्या भाकरीबरोबर असायचा. पण एखाद्या दिवशी भाकरी संपलेल्या असत. मग आजी बाजारातून आणलेल्या डबलरोटीचे तुकडे तव्यावर साजूक तुपात परतायची, दोन तुकड्यांच्या मध्ये टक्कू घालायची आणि वरून उलथन्यानं दाबायची. ‘घ्या रे पोट्टेहो, खाऊन घ्या, मंग खेळा!’ ग्रिल्ड सँडविच हा शब्द आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. वस्तू मात्र तीच होती.

ब्रेड का भिजतो?

आता हेच तुम्ही रूमवर करायला गेलात तर एक अडचण येईल. कैरीला पाणी सुटतं. आजीच्या हातचा तुकडा तव्यावरून थेट आमच्या तोंडात जायचा, म्हणून भिजायला वेळच मिळत नसे. तुम्ही चार सँडविच करून मग खायला बसणार. तोवर आतला ब्रेड लगदा झालेला असेल.

इथे अकरावीचं बायोलॉजी कामाला येतं. किसलेल्या कैरीला मीठ लावलं की ऑस्मोसिसनं तिच्यातलं पाणी बाहेर येतं. ते सँडविचमध्ये सुटण्याऐवजी आधीच काढून घ्यायचं. मीठ लावा, दहा मिनिटं थांबा, मुठीत घट्ट पिळा. तो रस फेकू मात्र नका. त्यात गार पाणी, गूळ आणि चिमूटभर जिरेपूड घातली की कच्च्या कैरीचं झटपट सरबत तयार.

दुसरी गोष्ट कुरकुरीतपणाची. ब्रेडचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी उडालं आणि तापमान साधारण १४० अंशांपर्यंत गेलं की खरपूस तपकिरी रंग आणि तो खास वास येऊ लागतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली, म्हणून तिला मेयार अभिक्रिया म्हणतात. तुमच्यासाठी अर्थ एवढाच: आच मध्यम ठेवा आणि घाई करू नका. मोठ्या आचेवर ब्रेड बाहेरून करपतो, आत थंडच राहतो.

चला, करू या

साहित्य (चार सँडविचसाठी): मोठा ब्रेड ८ स्लाइस, मध्यम कैरी १, कांदा १, उकडलेले बटाटे २, भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट ४ चमचे, किसलेला गूळ २ ते ३ चमचे, लाल तिखट, मीठ, लोणी किंवा तूप. फोडणीला २ चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद. चीज हवं तर.

कृती: कैरी सोलून किसा, मीठ लावा, दहा मिनिटांनी पिळून घ्या. कांदा किसून तोही हलका पिळा. दोन्ही एकत्र करून गूळ आणि तिखट घाला. फोडणी करा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग ओता.

ब्रेडच्या आतल्या बाजूला लोणी अगदी कडेपर्यंत लावा. स्निग्ध पदार्थ पाणी अडवतो, म्हणजे हा तुमचा रेनकोट. खालच्या स्लाइसवर बटाट्याच्या चकत्या, त्यावर टक्कूचा पातळ थर, त्यावर शेंगदाण्याचा कूट. उरलंसुरलं पाणी कूट शोषून घेतो आणि दाताखाली मस्त लागतो. वर दुसरा स्लाइस, बाहेरून थोडं तूप.

टोस्टर नसेल तर तवा तापवा, सँडविच ठेवा, वर ताटली आणि ताटलीवर पाण्यानं भरलेला तांब्या. झाला ग्रिल प्रेस. एका बाजूला दोन-तीन मिनिटं, मग उलटा. इस्त्रीखाली ब्रेड दाबायचा होस्टेलछाप जुगाड मात्र नको. शॉर्टसर्किट झालं तर महागात पडेल आणि तुपाचे डाग इंटरव्ह्यूच्या शर्टवर उमटतील ते वेगळंच.

एक काळजी घ्या. कांदा घातलेला टक्कू आणि उकडलेला बटाटा मेच्या उकाड्यात लवकर बिघडतो. त्याच दिवशी संपवा, डब्यात भरून बॅगेत घेऊन फिरू नका. आणि हो, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं घरचे सांगतात. खिशातल्या कांद्यावर भरवसा ठेवून दुपारी हिंडू नका. पाणी प्या, टोपी घाला.

‘किती?’ नको, ‘कसं कळतं?’ विचारा

वर गूळ ‘२ ते ३ चमचे’ असं लिहिलंय. आजीला विचारलं तर ती म्हणेल, ‘अंदाजानं.’ आपल्याला वाटतं, हे काय उत्तर झालं? पण तिचं बरोबर असतं. एक कैरी डोळे मिटायला लावते, दुसरी नुसतीच तुरट निघते. चमच्याचं माप दोघींना कसं लागू पडणार? म्हणून फोनवर ‘किती घालू?’ विचारण्यापेक्षा ‘झालं हे कसं कळतं?’ असं विचारा. मग खरी माहिती बाहेर येते: आधी कैरीचा एक तुकडा चाखायचा, गूळ विरघळेपर्यंत थांबायचं, फोडणी गरम ओतली तर कांद्याचा करकरीतपणा जातो.

हे सगळं कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही. ते एका माणसाच्या जिभेत आणि हातात आहे, आणि त्या माणसाचं वय वाढतंय. तुमचं आजोळ रिसोड नसेल. खेड असेल, उदगीर असेल, सावंतवाडी असेल. टक्कूऐवजी आंबोशी असेल, कुळथाची पिठी असेल, कुणाच्या घरची जवसाची चटणी असेल. अ‍ॅपवर यांची नावं मिळतील, तुमच्या घरची चव मिळणार नाही. या रविवारी फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि बोलणं रेकॉर्ड करून घ्या. त्यांना आधी सांगून. नाही म्हणणार नाहीत, उलट दोन गोष्टी जास्तीच्या सांगतील.

आणि करायचं ठरलं की एकट्यापुरतं करू नका. परातीतला टक्कू कधीच एकाचा नसायचा. शेजारच्या रूममधला जो घरी गेलेला नाही, त्यालाही हाक मारा. कैरी किसायला बसवा.