सज्ञानता आणि प्रौढत्व

सज्ञानता म्हणजे व्यक्तीला स्वतःच्या नावाने व्यवहार करण्याची कायद्याने प्राप्त होणारी पात्रता. प्रौढत्व ही त्याहून व्यापक सामाजिक संकल्पना असून तीत शिक्षण, उपजीविका, विवाह आणि कुटुंबाची जबाबदारी यांचा समावेश होतो. पूर्वी या दोन्ही अवस्था एकमेकींच्या जवळ असत. आधुनिक काळात त्यांच्यातील अंतर वाढले आहे. पिंपरी-चिंचवड, तळवडे व चाकण या औद्योगिक पट्ट्यात ते विशेष स्पष्ट दिसते.

कायदेशीर वयोमर्यादा

धर्मशास्त्राच्या परंपरेत साधारणतः सोळावे वर्ष ही मर्यादा मानली जात असे. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने ती अठरा वर्षे केली. न्यायालयाने पालक नेमला असल्यास मात्र एकवीस वर्षांची अट होती, ती १९९९ मध्ये रद्द झाली. विवाह, घटस्फोट, दत्तक व धर्म हे विषय या अधिनियमाने मुद्दाम बाजूला ठेवले. त्यामुळे मालमत्तेच्या बाबतीत अज्ञान असलेली मुलगी विवाहाच्या बाबतीत बांधली जाऊ शकत असे.

ही विसंगती रखमाबाईंच्या खटल्यात उघडी पडली. अकराव्या वर्षी झालेला विवाह आपल्या संमतीविना झाला, म्हणून नांदायला जाण्याचे बंधन आपल्यावर नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी दावा दाखल केला. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना नांदायला जाण्याचा किंवा सहा महिन्यांचा कारावास भोगण्याचा पर्याय दिला. १८८८ मध्ये तडजोड झाली व रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. विवाहाचे किमान वय १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी चौदा व मुलांसाठी अठरा, तर १९७८ पासून अनुक्रमे अठरा व एकवीस झाले. मुलींचेही वय एकवीस करणारे २०२१ चे विधेयक सतरावी लोकसभा विसर्जित झाल्याने व्यपगत झाले.

मतदानाचे वय १९८९ पासून एकवीसऐवजी अठरा आहे. महाराष्ट्रात मद्य बाळगण्या-पिण्याच्या परवान्यासाठी मात्र पंचवीस वर्षांची अट आहे, सौम्य मद्यासाठी एकवीस. एकच व्यक्ती खासदार निवडू शकते, पण परवाना घेऊ शकत नाही.

सातबाऱ्यावरील अज्ञान

जमिनीच्या अभिलेखांत या संकल्पनेला स्वतःची परिभाषा आहे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’ असा शेरा असल्यास तो खातेदार नोंदीच्या वेळी अठरा वर्षांखालील होता, असा अर्थ होतो. खातेदार सज्ञान झाला तरी शेरा आपोआप निघत नाही. वयाचा पुरावा देऊन तो कमी करून घ्यावा लागतो. त्यामुळे स्वतःची मुले सज्ञान झालेला माणूसही कागदावर अज्ञान राहू शकतो.

देहूजवळील, इंद्रायणीकाठच्या तळवड्यासारख्या गावांची शेतजमीन कारखाने, माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि वसाहतींसाठी वापरात येऊ लागल्यावर अशा शेऱ्यांना मोठे आर्थिक मोल आले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार अज्ञानाची स्थावर मालमत्ता नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या परवानगीविना विकता येत नाही. तशी विक्री झाल्यास सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत ती रद्द करण्यासाठी दावा करता येतो. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त जमिनीबाबत स्थिती वेगळी आहे. तेथे कर्ता कुटुंबाच्या गरजेसाठी व्यवहार करू शकतो. गरज खरी होती की नाही, यावरच पुढचे तंटे उभे राहतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना जन्मतः सहदायाद मानल्यामुळे या व्यवहारांत बहिणींचा हक्कही विचारात घ्यावा लागतो.

कामगार आणि लांबलेले प्रौढत्व

कारखाना अधिनियम १९४८ ने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात काम देण्यास बंदी घातली होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालील किशोरांना धोकादायक कामांवर ठेवण्यास बंदी आहे. त्यामुळे प्रवेशद्वारावर अठरा वर्षांचा दाखला निर्णायक ठरतो.

तो दाखला असलेला तरुण कायद्याने पूर्ण कामगार असतो. समाजाच्या दृष्टीने तसे नसते. शिकाऊ उमेदवार किंवा ठेकेदाराकडील कामगार म्हणून तो वर्षानुवर्षे काढतो, ‘कॉट बेसिस’वर राहतो आणि पगारातला वाटा गावी पाठवतो. घर चालवण्यात त्याचा हात असतो, पण स्थळ बघताना प्रश्न येतो तो ‘कायम आहे का?’ हाच. प्रौढत्वाची ही कसोटी कोणत्याही अधिनियमात नाही, तरी व्यवहारात तीच सर्वांत कडक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. त्यांनी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कडक अंमलबजावणीची मागणी केली. मुलींच्या घटत्या संख्येबरोबर स्थिर नोकरीचा अभावही अशा प्रश्नामागे असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये अठरा ते पंचवीस हा ‘उदयोन्मुख प्रौढत्वा’चा स्वतंत्र टप्पा मांडला. त्यांच्या मांडणीत हा काळ स्वशोधाचा व पर्याय चाचपण्याचा आहे. औद्योगिक पट्ट्यातील कामगाराला ती लागू करताना सावधगिरी हवी. त्याचा विलंब बहुधा निवडलेला नसतो. मुलींच्या बाबतीत तर उलट चित्रही आढळते: घरापासून दूर नोकरी करणारी, स्वतःचे बँक खाते चालवणारी तरुणी विवाहाचा निर्णय मात्र घरच्यांवर सोपवते, किंवा तिच्याकडून तशी अपेक्षा असते.