प्राणिवर्तनाचा अभ्यास, चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील

आहार, संरक्षण, प्रजनन, पिलांचे संगोपन व परस्परसंपर्क यांसाठी प्राणी ज्या क्रिया करतात, त्यांस एकत्रितपणे प्राणिवर्तन म्हणतात. कार्ल फोन फ्रिश, कोनराट लोरेन्ट्‌स व निकोलास टिनबर्गेन यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाल्याने या शाखेस प्रतिष्ठा लाभली. वर्तनाचे तात्कालिक कारण, प्राण्याच्या आयुष्यातील त्याचा विकास, त्याची उपयुक्तता आणि क्रमविकासातील त्याचा इतिहास हे टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये मांडलेले चार प्रश्न आजही अध्यापनाचा पाया मानले जातात.

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान (१९५५), तसेच अंधारी, चपराळा, भामरागड ही अभयारण्ये याच प्रदेशात आहेत. इतकी समृद्ध प्रयोगशाळा दाराशी असता विद्यार्थी लोरेन्ट्‌सच्या हंसपिलांचे वर्णन पाठ करतो आणि आवारातील वानरांकडे मात्र दुर्लक्ष करतो, ही विसंगती होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिविज्ञानातील विच्छेदन बंद करण्याचा आदेश दिल्यामुळे प्रात्यक्षिकात निरीक्षणास अधिक वाव मिळाला आहे.

निरीक्षण म्हणजे केवळ पाहणे नव्हे. जीन ऑल्टमान यांनी १९७४ मध्ये विशद केलेल्या पद्धतींपैकी एकीत ठराविक वेळ एकाच प्राण्याची सर्व कृत्ये नोंदवितात, तर दुसरीत ठराविक अंतराने संपूर्ण कळपावर नजर फिरवून त्या क्षणी प्रत्येक प्राणी काय करीत आहे हे टिपतात. केवळ लक्ष वेधून घेणाऱ्या घटना लिहिल्यास भांडणे अधिक व विश्रांती कमी दिसते. वानरे झाडावरून टाकीत असलेला पाला खाण्यासाठी चितळे खाली जमतात आणि दोन्ही जाती एकमेकींच्या धोक्याच्या हाकांना प्रतिसाद देतात. हा संबंध पदवीच्या विद्यार्थ्यासही साध्या दुर्बिणीने व घड्याळाने अभ्यासता येतो. कोळसुनांचे (रानकुत्र्यांचे) टोळीजीवन अधिक गुंतागुंतीचे आहे. टोळीतील इतर सभासद पिलांना खाल्लेले मांस ओकून भरवितात. संरक्षित क्षेत्रातील संशोधनासाठी मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी आवश्यक असते.

या ज्ञानाचे मोल ब्रह्मपुरी परिसरात प्रकर्षाने जाणवते. तेथे वाघ संरक्षित क्षेत्राबाहेर, धानाची शेते व गावे यांच्यामध्ये विखुरलेल्या जंगलांत राहतात. दीड ते दोन वर्षांचे वाघ आईपासून विलग होऊन स्वतःचे क्षेत्र शोधू लागतात. टिपेश्वर येथून निघालेल्या अशा एका तरुण वाघाने २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर भटकून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने गोळा करणारे लोक पहाटे, बहुधा वाकून अथवा बसून काम करतात. अशा वेळी माणसाची उभी आकृती वाघास दिसत नाही, हे हल्ल्यांचे एक कारण असावे असे अभ्यासक मानतात. माणसे मेल्यावर वाघास सरसकट ‘नरभक्षक’ ठरविण्याची घाई होते. परंतु अकस्मात गाठ पडून झालेला हल्ला आणि माणसाचा भक्ष्य म्हणून माग काढणे या वर्तनदृष्ट्या भिन्न गोष्टी आहेत व त्यांवरील उपायही भिन्न आहेत. घटनास्थळाच्या खुणा वाचण्याचे शिक्षण म्हणूनच अगत्याचे ठरते. तेंदूचा हंगाम हेच अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे साधन असल्याने ‘जंगलात जाऊ नका’ हा उपदेश निरर्थक होय; गटाने व उजाडल्यावर जावे, हे सांगणे व्यवहार्य आहे.

छत्तीसगढमधून २०२१ मध्ये गडचिरोलीत आलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने अभ्यासास नवा विषय दिला. साठविलेले धान व मोहफुले यांच्या वासाने हत्ती घरांकडे वळतात, हे पूर्वेकडील राज्यांत परिचित असले, तरी येथील शेतकऱ्यांस नवे होते. रात्री कळपाचा पाठलाग करणे धोक्याचे असते. पाऊलखुणा, विष्ठा व तुडविलेले पीक यांवरून सकाळी त्याचा मार्ग नकाशावर मांडता येतो.